प्रेग्नन्सीचं प्लॅनिंग सुरू आहे, कोणत्या गोळ्या घेऊ आणि कधीपासून?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी 29 वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झाली, राहते नागपूरच्या त्रिमूर्तीनगरला, प्रेग्नन्सी आजवर एकही नाही, दोन-तीन महिन्यांनी ट्राय करायचा विचार आहे. घरी पक्कं शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. ऑफिसच्या चेकअपमध्ये हिमोग्लोबिन 10.4 निघालं. नणंदेने अमेरिकेहून प्रीनेटल गमीजची बाटली पाठवली, जिमच्या मॅडमनी बायोटिन, ओमेगा थ्री आणि व्हिटॅमिन ई सांगितलं, मेडिकलवाल्याने आयर्न-कॅल्शियमची एकत्र गोळी हातात दिली, आईने शतावरी कल्प आणला, आणि नेटवर वाचलं की साधं फॉलिक ॲसिड काही कामाचं नाही, मिथाइलफोलेटच (फोलेटचं शरीर थेट वापरतं ते रूप) पाहिजे. नवऱ्याला दिवसातून दोन-तीन खर्रे (तंबाखू-सुपारी) लागतात. विचारतेय की यातलं नेमकं काय घेऊ, कधीपासून घेऊ, आणि मिस्टरांनाही काही द्यायचं का.

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. 27 वर्षं झाली मला नागपुरात बायकांची प्रॅक्टिस करून, आणि अशी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतणाऱ्या मुली आता आठवड्याला दोन-तीन तरी येतात. मागच्याच आठवड्यात एकीने पिशवी रिकामी केली, नऊ पाकिटं निघाली, म्हणे, "मॅडम, पोट गोळ्यांनीच भरून राहिलं, जेवू काय?" त्या नऊमध्ये जी एक गोळी खरोखर हवी होती तीच नव्हती.

ती एक म्हणजे फॉलिक ॲसिड, 400 मायक्रोग्रॅम, रोज एक. आजपासून सुरू कर. पाळी येऊ दे, रिपोर्ट येऊ दे, अपॉइंटमेंट मिळू दे, असं काही थांबायचं नाही. बाकी सगळ्या गोळ्यांचा निर्णय तपासण्या झाल्यावर.

एवढी घाई कशाला ते समजून घे, कारण हे एकदा डोक्यात बसलं की आपोआप गोळी चुकत नाही. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो ती न्यूरल ट्यूब गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते. आता कॅलेंडर काढ आणि मोज. गर्भ राहतो पाळी सुरू झाल्यापासून साधारण चौदाव्या दिवशी, पाळी चुकली हे कळतं तेव्हा त्या 28 दिवसांतले 14 तर गेलेच, मग तू चार-पाच दिवस वाट पाहणार, मग घरी टेस्ट करणार, मग दोन रेषा पाहून आधी आईला फोन, मग माझी अपॉइंटमेंट, मग माझ्या चिठ्ठीवरून गोळी, तोपर्यंत नळी बंद झालेली असते किंवा चुकीची उघडी राहिलेली असते. शिवाय गोळी सुरू केल्याबरोबर रक्तात पातळी वर येत नाही, त्याला आठवडे लागतात. म्हणून आम्ही निदान एक महिना आणि शक्यतो तीन महिने आधी म्हणतो, आणि गर्भ राहिल्यावर 12 आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवायला सांगतो.

एक प्रसंग सांगते, मनातून कधी गेला नाही. बरीच वर्षं झाली. काटोलकडची एक पहिलटकरीण पाचव्या महिन्यात सोनोग्राफीला आली, सोबत सासू. सासूबाई स्क्रीनकडे पाहत होत्या, मी बोट दाखवून हे हात, हे पाय असं सांगत होते, त्यांनी विचारलं, "अन् डोकं कुठं हाय बाई?" बाळाची कवटी तयारच झाली नव्हती. त्या मुलीच्या फाइलमध्ये फॉलिक ॲसिड लिहिलेलं होतं, कुणी हयगय केलेली नव्हती, फक्त तारीख पाहिली तर अकराव्या आठवड्याची होती. पुढच्या वेळी तिला तीन महिने आधीपासून 5 मिलिग्रॅमची गोळी दिली, मुलगा झाला, चांगला धडधाकट. मी असं म्हणत नाही की आधी गोळी असती तर तो पहिला प्रसंग शंभर टक्के टळला असता. 1991 साली इंग्लंडच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा जो मोठा अभ्यास आला त्यात ज्यांना आधी असं बाळ झालं होतं अशाच बायका घेतल्या होत्या, रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, आणि हा दोष पुन्हा येण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी कमी झालं. पूर्ण नाही, 72 टक्के. पण एवढ्या स्वस्त गोळीने एवढं होतं असं माझ्या शास्त्रात दुसरं फार काही नाही गं.

आणि या गोळीचं मूळ आपल्या महाराष्ट्रातलं आहे हे फार कमी जणांना माहीत असतं, म्हणून सांगते. ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईत आली, कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जो भयंकर ॲनिमिया व्हायचा तो कशाने होतो हे शोधायला. तिने त्यांचं खाणं तपासलं आणि यीस्टचा अर्क देऊन पाहिला, तर बायका सुधारल्या. 1931 मध्ये तिने ते छापलं. त्या अर्कात जे होतं त्याला आधी विल्स फॅक्टर म्हणायचे, पुढे 1941 मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं आणि पान म्हणजे लॅटिनमध्ये फोलियम, त्यावरून फॉलिक नाव पडलं. म्हणजे ज्या बायकांवरून हे सगळं कळलं त्या मुंबईच्या आपल्याच.

आता डोस, कारण इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. मेडिकलमध्ये जाऊन नुसतं "फॉलिक ॲसिड द्या" म्हटलं की बहुतेक वेळा 5 मिलिग्रॅमची गोळी मिळते. 5 मिलिग्रॅम म्हणजे 5000 मायक्रोग्रॅम, तुला लागणाऱ्या डोसच्या साडेबारा पट. गोळ्यांच्या पत्त्याच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते दुकानातच वाच, मायक्रोग्रॅम आहे की मिलिग्रॅम. मोठी गोळी सरसकट सगळ्यांसाठी नाही, ती ज्यांना आधी असं बाळ झालंय किंवा नवरा-बायकोपैकी कुणाला स्वतःला किंवा घरात हा दोष आहे, ज्यांना डायबिटीस आहे, ज्या फिटच्या गोळ्या घेतात, ज्यांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, अशांना डॉक्टरांनी लिहून दिली तरच. फिटची गोळी चालू असेल, खास करून व्हॅल्प्रोएट, तर ती मनाने बंद करायची नाही, आधी न्यूरोच्या डॉक्टरांशी बोलून गर्भ राहायच्या आधी बदलून घ्यायची.

मिथाइलफोलेटचं म्हणशील तर पाहा, न्यूरल ट्यूबचा दोष टळतो हे ज्या अभ्यासांत सिद्ध झालं ते सगळे साध्या फॉलिक ॲसिडवरचे आहेत. मिथाइलफोलेटसोबत नेटवर एमटीएचएफआर या फोलेट वापरायला लागणाऱ्या जीनचं जे लिहितात, त्या जीनमध्ये बदल असलेल्या बायकांच्या रक्तातही साध्या गोळीने फोलेट वाढतं. ती टेस्ट करू नको, ते पैसे मी खाली सांगते त्या टेस्टना ठेव.

पालक, मेथी, अंबाडी, चवळी, हरभरा यांतून फोलेट मिळत नाही का? मिळतं, भरपूर खा. पण शिजवताना, पाणी फेकताना बरंच जातं, म्हणून या काळात भाजीच्या भरवशावर गोळी सोडायची नाही.

तुझ्या बाबतीत मला फॉलिकच्या खालोखाल काळजी आहे ती बी 12 ची. अंडं नाही, मटण-मासे नाहीत, म्हणजे राहिलं दूध-दही-ताक-पनीर. कपभर दुधात बी 12 साधारण 1 मायक्रोग्रॅम, आणि आपण दूध घेतो किती तर दोन वेळच्या चहात चमचा-चमचा. बी 12 झाडपाल्यात नसतंच, कितीही हिरव्या भाज्या खा. आता यात अडचण काय ते ऐक. फॉलिक ॲसिड आणि बी 12 शरीरात जोडीने काम करतात. बी 12 कमी असताना नुसतं फॉलिक देत राहिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसतो पण नसांचं नुकसान आतल्या आत सुरू राहू शकतं, हातापायाला मुंग्या, विसरायला होणं, थकवा, आणि बाई म्हणते की कामाच्या ताणाने होत असेल. आपल्याकडच्या पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने गावातल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं पाहिली, तर ज्या आयांचं बी 12 कमी आणि फोलेट जास्त होतं त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स सगळ्यात जास्त सापडला. म्हणजे पुढे जाऊन डायबिटीसची वाट. म्हणून तुझ्यासारख्या शाकाहारी मुलीला 5 मिलिग्रॅमची मोठी फॉलिक उगाच देणं मला अजिबात पटत नाही. आधी बी 12 ची टेस्ट कर, कमी असेल तर इंजेक्शन की गोळी ते पातळी पाहून ठरवू, आणि नॉर्मलच्या काठावर असेल तरी शाकाहारी बाईने फॉलिकसोबत बी 12 घ्यावं असं माझं मत आहे. पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या मुलींनी तर नक्की तपासावं, त्या गोळीने बी 12 आणखी खाली जातं.

आता तुझं 10.4.

प्रेग्नन्सी नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणायचा. तू एकटी नाहीस, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका ॲनिमिक निघाल्या. पण सगळ्यांनाच आहे म्हणून चालायचं नाही, कारण प्रेग्नन्सीत रक्त पातळ होतं, आज 10.4 आहे ते सहाव्या महिन्यात 9 झालं तर मग धावपळ, सलाईनमधून आयर्न, बाळाचं वजन कमी. आत्ता तीन महिने हातात आहेत, आत्ता भरून निघतं.

फक्त मेडिकलवाल्याने दिलेली गोळी तशीच सुरू करू नको. आपण विदर्भात राहतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सगळ्या पट्ट्यात सिकलसेल आहे, आणि वाहक असलेल्या माणसाला काहीच त्रास नसतो, त्याला आयुष्यभर कळतही नाही. तू वाहक, नवरा वाहक, तर प्रत्येक प्रेग्नन्सीत बाळाला आजार असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 आणि काहीच नसण्याची 25. हे प्रत्येक वेळी नव्याने, पहिलं चांगलं झालं म्हणून दुसऱ्याची खात्री नाही. लग्नाआधी आपण पत्रिका जुळवतो, छत्तीस गुण मोजतो, हा एक गुण मात्र कुणी पाहत नाही, फार वाईट वाटतं गं. आणि "आमच्या समाजात नाही होत" हे वाक्य मी ज्या ज्या समाजात ऐकलं त्या जवळपास प्रत्येक समाजात मला एक तरी वाहक सापडलाय. नागपूरच्या मेडिकल, मेयो, डागा या सरकारी दवाखान्यांत ही तपासणी होते, पहिली सोल्युबिलिटीची साधी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी टेस्ट. जुलै 2023 पासून सिकलसेलचं राष्ट्रीय मिशनही सुरू आहे. मी तर म्हणते थेट एचपीएलसीच कर, त्यात थॅलेसेमिया मायनरही, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचं वाहकपणही कळतं. नागपुरातल्या जरीपटक्याच्या सिंधी कुटुंबांत, तसंच गुजराती लोहाणा, कच्छी कुटुंबांत तो जास्त दिसतो, पण इतरांतही असतो.

याचा आयर्नशी काय संबंध? हाच की थॅलेसेमिया मायनरमध्ये हिमोग्लोबिन 10 च्या आसपास राहतं, एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, कमी दिसतो, रिपोर्ट हुबेहूब लोह कमी असल्यासारखा, आणि अशा मुलीला मी वर्ष-वर्ष आयर्न खाताना पाहिलंय, जे तिला लागतच नव्हतं. सिकलसेलच्या आजारात वरचेवर रक्त चढवलेलं असेल तर शरीरात लोह आधीच साचलेलं असतं. म्हणून आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि एचपीएलसी. नुसती वाहक असलेली बाई, जिचं फेरिटिन कमी आहे, तिने आयर्न खुशाल घ्यावं, त्यात काही धोका नाही.

फेरिटिन कमी निघालं, आणि तुझं निघेल असं मला वाटतंय, तर 60 ते 100 मिलिग्रॅम लोह असलेली एक गोळी. रोज सहन होत नसेल, पोटात मळमळ, संडासला कडक, तर एक दिवसाआड घे, एक दिवसाआड घेतलेलं लोह आतड्यातून चांगलं शोषलं जातं हे आता अभ्यासातही दिसलंय. रिकाम्या पोटी जमलं तर उत्तम, नाहीतर जेवणानंतर तासाने. सोबत लिंबूपाणी किंवा संत्रं. नागपुरात राहून संत्र्याऐवजी व्हिटॅमिन सी ची गोळी घेणारी पोर पाहिली की मला खरंच वाईट वाटतं, आंबिया बहार आणि मृग बहार मिळून वर्षातले कितीतरी महिने ठेल्यावर संत्री असतात, संपली की लिंबू आणि आवळा आहेच. चहा मात्र गोळीच्या एक तास आधी आणि दोन तास नंतर नको. आपल्याकडे सकाळी तर्री पोहे आणि त्यावर कटिंग, आणि त्याच चहासोबत गोळी, अर्धं लोह तिथेच वाया. संडास काळी होईल, घाबरू नको. महिन्याभरात हिमोग्लोबिन 1 ने तरी वर सरकलं पाहिजे, नाही सरकलं तर परत यायचं, आणि नॉर्मल झालं की लगेच बंद करायचं नाही, साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात.

जंताची गोळी, अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, एकदा, आत्ताच घेऊन टाक, गर्भ राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत. ट्राय सुरू केलेलं नसताना, पाळी आल्यावर घेतली की शंका राहत नाही.

आणि त्या कॉम्बो गोळीचं, आयर्न आणि कॅल्शियम एकाच वेळी पोटात गेलं की कॅल्शियम लोहाला अडवतं. कॅल्शियमची गोळी तशीही प्रेग्नन्सीत चौथ्या महिन्यापासून सुरू करतो. आत्ता दोन वाट्या दही, वाटीभर दूध, नाचणी, तिळाची चटणी एवढ्याने भागतं.

थायरॉइड. टीएसएच करायचंच आहे, पण इथे तुझ्या बायोटिनचा घोळ आहे. केसांसाठीच्या त्या गोळ्यांमध्ये बायोटिनचा डोस एवढा मोठा असतो की काही लॅबच्या पद्धतीत थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येतो, टीएसएच खोटाच कमी आणि टी 4 खोटाच जास्त. माझ्याकडे एक मुलगी थायरॉइड वाढलंय म्हणून रडत आली होती, तिला गोळ्याही सुरू झाल्या होत्या, बायोटिन बंद करून चार दिवसांनी परत रक्त दिलं तर सगळं नॉर्मल. म्हणून टेस्टच्या निदान दोन दिवस आधी बंद, आणि खरं सांगू का, कायमचीच बंद कर, तुझे केस गळत असतील तर ते कमी हिमोग्लोबिनने गळत असणार. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल तर तिच्यात आणि आयर्न-कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर हवं.

आयोडीनसाठी वेगळी गोळी नको, साधं आयोडीनवालं मीठ पुरे. पण घरात सैंधव वापरायला सुरुवात केली असेल, हल्ली खूप घरांत केलीय, तर ते उपासापुरतं ठेवा. त्यात मिठासारखं आयोडीन घातलेलं नसतं आणि बाळाच्या मेंदूला सुरुवातीपासून आईचं आयोडीन लागतं.

व्हिटॅमिन डी बद्दल मुली म्हणतात, नागपूरच्या उन्हात आम्हाला काय कमी पडणार. अगं, पण ऊन अंगाला लागतं कुठे? स्कूटीवर निघताना डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये, हातात कोपरापर्यंत मोजे, मग दिवसभर एसी. मी शंभरात बहुतेकांचं कमीच पाहते. कमी असेल तर 60,000 युनिटची आठवड्यातून एक, आठ आठवडे, आणि मग थांबायचं. आठवड्यातून एक, रोज नाही. एका बाईने रोज घेतली होती दोन महिने, पत्ता संपला की नवीन आणायची, तिला उलट्या, तहान, कॅल्शियम एवढं वाढलेलं की भरती करावं लागलं. चिठ्ठीवर "आठवड्यातून" हा शब्द होता, पण तो इंग्रजीत गिचमिड लिहिलेला होता. तेव्हापासून मी चिठ्ठीवर मराठीत वार लिहून देते, "दर रविवारी".

आता जे जास्त झालं तर बाळाला थेट इजा करतं ते म्हणजे व्हिटॅमिन ए, रेटिनॉल या रूपातलं. रोज 10,000 युनिटच्या वर नको. गमीज, मल्टिव्हिटॅमिन, कॉड लिव्हर ऑइल, त्वचेसाठीची गोळी, असं चार ठिकाणांहून थोडं थोडं मिळून हा आकडा गाठला जातो म्हणून लेबलची बेरीज कर. बीटा कॅरोटीन लिहिलं असेल तर भीती नाही, गाजर-पपईतलं ते तेच. हे वाचणाऱ्या मांसाहारी मुलींनो, रक्त वाढावं म्हणून आई आठवड्यातून तीनदा कलेजी खाऊ घालत असेल तर या काळात तिला प्रेमाने थांबवा, कलेजीत रेटिनॉल फार असतं. आणि पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन कॅप्सूल घेत असाल तर ती बंद करून निदान एक महिना गेल्याशिवाय गर्भ राहू द्यायचा नाही, हे स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच, तरी मी परत सांगते, कारण या गोळीवर राहिलेल्या गर्भाचे दोष फार गंभीर असतात.

नणंदेच्या गमीज वाईट नाहीत, फक्त लेबल वाच. अमेरिकन लेबलवर फोलेटपुढे डीएफई, म्हणजे अन्नातल्या फोलेटच्या हिशेबातलं माप, लिहिलेलं असतं, तिथे सुमारे 670 मायक्रोग्रॅम डीएफई म्हणजे आपलं 400 फॉलिक ॲसिड. बहुतेक गमीजमध्ये आयर्न नसतं. त्यात फॉलिक 400 असेल आणि बी 12 असेल तर संपेपर्यंत त्याच घे, वेगळं फॉलिक नको. मे महिन्यात मात्र ओट्यावर ठेवू नको, सगळ्याचा एक गोळा होतो.

ओमेगा थ्री, इच्छा असेल तर शैवालापासून बनवलेलं डीएचए नावाचं ओमेगा थ्री घे, शाकाहारी मिळतं, नाही घेतलं तरी आभाळ कोसळत नाही. जवसाची चटणी रोज चमचाभर खा, ती चांगलीच आहे, पण जवसातल्या ओमेगाचं डीएचएमध्ये रूपांतर शरीरात फार थोडं होतं. व्हिटॅमिन ई बंद. शतावरी कल्पाबद्दल आईला सांग की मॅडमनी थोडं थांबायला सांगितलंय, त्यात साखर किती आहे तेही पाहा. आणि कुठलंही भस्म असलेलं, बिनलेबलचं, वैद्याने पुडीत बांधून दिलेलं औषध या काळात बिलकुल नाही, अशा पुड्यांत शिसं सापडल्याची प्रकरणं झालेली आहेत आणि शिसं थेट बाळापर्यंत जातं.

आता मिस्टर. त्यांना गोळी हवी का? अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर अभ्यास झाला, 2020 मध्ये छापून आला, पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक ॲसिड दिलं, ना शुक्राणू सुधारले ना बाळांची संख्या वाढली, उलट पोटाच्या तक्रारी वाढल्या. म्हणून ते महागडे फर्टिलिटीचे सॅशे नको. त्यांनी करायचं ते एकच, खर्रा सोडायचा. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना, दिवसातून तीन म्हणजे दिवसभर तोंडात निकोटीनच. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे आज सोडला तर तू ट्राय सुरू करशील तेव्हाचे शुक्राणू खर्ऱ्याशिवायचे असतील, तीन महिन्यांचं हे गणित तुम्हा दोघांना सारखंच लागू आहे, हे त्यांना याच शब्दांत सांग, माझा अनुभव आहे की असं सांगितलं की पटतं. जिमला जात असतील आणि कुणी बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल तर ती लगेच बंद, त्याने शुक्राणू शून्यापर्यंत जातात.

तर या आठवड्यात सकाळी उपाशीपोटी जाऊन हे सगळं एकदाच दे: सीबीसी, फेरिटिन, बी 12, टीएसएच, डी, शुगर आणि एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), एचपीएलसी, आणि रुबेला आयजीजी. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घ्यायची आणि त्यानंतर एक महिना थांबायचं, तुझ्याकडे तेवढा वेळ आहे. फॉलिकचा पत्ता ब्रशच्या कपाशेजारी ठेव, डब्यात नको, डब्यातली गोळी विसरते. एखादा दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, पुढे चालू ठेवायची. आणि मध्येच, ठरवलेल्या आधीच गर्भ राहिला तर घाबरून गोळ्या बंद करू नको, फॉलिक चालूच ठेव आणि मला फोन कर.

रिपोर्ट आले की ये, पण एकटी नको, त्यांना घेऊन ये. तुझा एचपीएलसी पूर्ण नॉर्मल आला तर त्यांचा नाही केला तरी चालेल, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया मायनर निघालं तर मात्र त्यांचाही रिपोर्ट हातात घेऊनच दोघं माझ्यासमोर बसा.